वय १९, गाडी १५५ सीसी: विमा खरंच कुठे स्वस्त होतो आणि कुठे नुसता तसा वाटतो

प्रश्न थोडक्यात असा. कराडचा १९ वर्षांचा मुलगा, पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. दोन महिन्यांपूर्वी पक्कं लायसन्स हातात आलं. १५५ सीसीची नवी गाडी घ्यायचं घरात ठरलंय आणि शोरूमने विम्याचे १४,२१९ रुपये सांगितलेत. त्याने तीन गोष्टी विचारल्यात. वय कमी आणि लायसन्स नवं म्हणून एवढा आकडा लावलाय का? गाडी वडिलांच्या नावावर घेतली तर कमी होईल का? आणि नुसता थर्ड पार्टी (म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा विमा) काढून भागेल का?

मी साताऱ्यात २३ वर्षं वाहन विम्याचं काम करतो. त्याआधी चार वर्षं एका सर्व्हेयर (म्हणजे क्लेमचं नुकसान तपासणाऱ्या) साहेबांच्या हाताखाली मोडक्या गाड्यांचे फोटो काढत आणि पार्टच्या याद्या लिहीत फिरलोय. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे, तेव्हा अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. तरुण पोरांना विमा महाग पडतो, हे तू जिथे वाचलंस ते लेख इंग्लंड-अमेरिकेचे असणार. तिकडे चालवणाऱ्याचं वय, त्याचा अनुभव, तो कुठल्या गल्लीत राहतो हे सगळं बघून हप्ता ठरतो. आपल्याकडे विमा मुख्यतः गाडीचा असतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो फक्त इंजिनाच्या सीसीवर चालतो. १९ वर्षांचा तू आणि ६५ वर्षांचे निवृत्त मास्तर एकाच मॉडेलची गाडी घ्यायला गेलात तर दोघांचा थर्ड पार्टी हप्ता रुपया-पैशासकट सारखा. कुठल्याही कंपनीत गेलात तरी सारखाच, त्यात घासाघीस नाही.

१ जून २०२२ पासूनच्या अधिसूचनेतले एका वर्षाचे दर असे आहेत: ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ च्या वर १५० पर्यंत ७१४, १५० च्या वर ३५० पर्यंत १,३६६ आणि ३५० च्या वर २,८०४. नव्या दुचाकीला मात्र सप्टेंबर २०१८ पासून थर्ड पार्टी एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचे आकडे याच क्रमाने २,९०१, ३,८५१, ७,३६५ आणि १५,११७. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. पैसे भरायच्या दिवशी कोणता दर चालू आहे ते बघून घे, कारण हे आकडे सरकार मधूनमधून बदलतं.

दुसरा भाग ओडीचा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा. तिथे २००७ पासून कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक आहे, त्यामुळे कुठलीच कंपनी वय बघत नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण माझ्या टेबलावरून गेलेल्या दुचाकींच्या पॉलिसींत पोरगा लहान म्हणून हप्ता चढलेला मी पाहिलेला नाही. तिथे हिशेब होतो तो गाडीच्या आयडीव्हीवर (म्हणजे विम्यापुरती धरलेली गाडीची किंमत), सीसीवर, गाडीच्या वयावर आणि पासिंग कुठलं त्यावर.

मग १४,२१९ आले कुठून? तू दिलेली फोड मी पुन्हा मांडतो. पाच वर्षांचा थर्ड पार्टी ७,३६५. ओडी २,६५०. झिरो डेप (घसारा न कापता पार्टचे पैसे) ६२०. इंजिन प्रोटेक्शन २४०. रोडसाइड असिस्टन्स १२५. रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली तर आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत) ३००. पाच वर्षांचा वैयक्तिक अपघात ७५०. बेरीज १२,०५०, त्यावर जीएसटी २,१६९. आकडा बरोबर आहे, लबाडी नाही. फक्त ओडीवर तुला एक रुपयाही सूट दिलेली दिसत नाही आणि जेवढे म्हणून जोड-कव्हर असतात त्यातले बहुतेक सगळे वाढून ठेवलेत. लग्नाच्या पंगतीत नको म्हणायच्या आत जिलेबी ताटात पडते, त्यातला प्रकार.

या कागदावर कुठे हात लावता येतो ते बघू. थर्ड पार्टीला नाही. ओडीला मात्र चांगलाच. जुन्या सरकारी टॅरिफचे दर अजून बऱ्याच कंपन्यांच्या हिशेबाचा पाया आहेत आणि त्यावर त्या सूट देतात. नव्या दुचाकीला ओडीवर निम्म्यापर्यंत सूट मिळणं यात नवल नाही. शोरूममधून गाडी घेतली म्हणजे विमाही तिथूनच घ्यायला हवा, असा कुठलाही नियम नाही. गाडीचा चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि एक्स-शोरूम किंमत एवढं मागून घे आणि बाहेरून दोन कोटेशन काढ. पहिलं कोटेशन मोबाइलवर दाखवलंस की शोरूमवाल्याची सूट बहुतेक वेळा आपोआप सापडते. तीच कंपनी, तेच कव्हर, आकडा खाली. मग तिथूनच घेतलास तरी हरकत नाही. क्लेमच्या वेळी त्यांच्याच वर्कशॉपला कॅशलेस सोपं जातं, हाही एक फायदाच आहे. पण कोटेशनांची तुलना करताना आयडीव्ही सारखी आहे ना, ते बघ. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही दहा-पंधरा हजारांनी खाली आणायची युक्ती जुनी आहे. गाडी चोरीला गेली की ते पंधरा हजार तुझ्या खिशातून जातात.

जोड-कव्हरांबद्दल माझं मत सरळ आहे. झिरो डेप नवख्या मुलाने पहिली दोन वर्षं तरी ठेवावा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी कालच शोरूममधून आलेली असली तरी. तुझी गाडी म्हणजे पुढून-बाजूने सगळं फेअरिंगच. सिग्नलला उभ्या उभ्या पडली तरी एक बाजू जाते. नवी गाडी आणि नवा चालवणारा, दोघं एकदा तरी आडवे होतात. माझा थोरलाही झाला होता, पोवई नाक्यावर, भर दुपारी. रोडसाइड असिस्टन्स गाडीच्या कंपनीकडून पहिलं वर्ष फुकट मिळतोय का विचार, मिळत असेल तर दोनदा पैसे नकोत. इंजिन प्रोटेक्शन तू राहतोस तिथे पावसात पाणी साचत असेल तर घे, नाहीतर सोड. रिटर्न टू इनव्हॉइसचं म्हणशील तर गाडी रात्री कुठे उभी राहते त्यावर आहे. कुलूपबंद पार्किंग असेल तर नको. हॉस्टेलच्या बाहेर रस्त्यावर लागत असेल तर तीनशे रुपये फार नाहीत.

एवढं केलं की कागद असा होतो: थर्ड पार्टी ७,३६५, ओडी निम्म्यावर म्हणजे १,३२५, झिरो डेप ६२०, वैयक्तिक अपघात एका वर्षाचा धर अंदाजे ३३०. जीएसटीसकट ११,३७५ रुपये. म्हणजे एका फोनवर २,८४४ रुपये वाचले, त्यातले पाचशेच्या आसपास मात्र वैयक्तिक अपघात पाचऐवजी एका वर्षाचा धरल्यामुळे.

आता यापेक्षा मोठी बचत सांगतो, ती तुला आवडणार नाही. १५५ सीसीऐवजी १४९ सीसीची गाडी घेतलीस तर पाच वर्षांच्या थर्ड पार्टीचे ७,३६५ चे ३,८५१ होतात. जीएसटी धरून ४,१४७ रुपयांचा फरक, कुणाशी भांडण न करता. १५० ही रेघ कागदावरची आहे, रस्त्यावर पाच-सहा सीसीने काही बिघडत नाही. नुसत्या विम्यासाठी गाडी बदल असं मी म्हणत नाही. पण दोन मॉडेलांत मन अडकलेलं असेल तर हा आकडा शेजारी लिहून ठेव. आणि कुणी ‘थोडे घालून चारशेचीच घे’ म्हणालं तर आठव की तिथे निव्वळ थर्ड पार्टीच जीएसटीसकट १७,८३८ आहे.

‘गाडी गावाकडे पासिंग करा, विमा कमी बसतो’ असंही तुला कुणी सांगेल. टॅरिफमध्ये पुणे आणि मुंबई ए झोनमध्ये येतात, कराड-सातारा बी झोनमध्ये, हे खरं. पण फरक किती? १५० सीसीपर्यंतच्या गाडीला १.७०८ टक्के आणि १.६७६ टक्के. १,१४,००० आयडीव्हीवर छत्तीस रुपये, तेही सूट जायच्या आधी. एमएच ५० ची पाटी कराडच्या अभिमानासाठी लाव, विम्यासाठी नको.

आता तुझा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे. वडिलांच्या नावावर घेऊ का?

स्वस्त होईल म्हणून घ्यायची असेल तर नको, कारण वयाचा संबंधच नसल्यामुळे स्वस्त होत नाही. एकच अपवाद आहे. वडिलांची जुनी मोटारसायकल असेल, तिच्यावर पाच वर्षांत क्लेम नसेल आणि ती विकून ही घेणार असाल, तर त्यांचा ५० टक्क्यांपर्यंतचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) या गाडीला लावता येतो. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. पण तो फक्त ओडीला लागतो. १,३२५ च्या निम्मे ६६२, जीएसटी धरून पावणेआठशे-आठशे रुपये. हे लक्षात ठेव, कारण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते आता सांगतो.

दुचाकीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात म्हणून एक कलम असतं. २०१८ पर्यंत दुचाकीला ते एक लाखाचं होतं, मग १५ लाखांचं झालं. सुरुवातीला त्याचे वर्षाला ७५० ठरवले होते. २०१९ पासून ते वेगळं विकायला परवानगी मिळाली आणि आता बऱ्याच ठिकाणी त्याहून कमीत मिळतं. गाडी चालवताना मृत्यू आला तर घरच्यांना १५ लाख, दोन्ही हात-पाय किंवा दोन्ही डोळे गेले तरी पूर्ण, एक गेला तर निम्मे. पण कुणाला? पॉलिसीतले शब्द स्पष्ट आहेत: जो आरसीवर मालक आहे, ज्याचं नाव पॉलिसीत आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे, त्यालाच. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणार तू, तर १५ लाखांचं कव्हर वडिलांना आहे, जे कराडला घरी बसलेत. पॉलिसीच्या शब्दांप्रमाणे तुला नाही.

बरं, थर्ड पार्टीतून मिळेल म्हणावं तर तेही नाही. मालकाकडून मागून घेतलेली गाडी चालवणारा कायद्याने मालकाच्याच जागी धरला जातो, तिसरा पक्ष होत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं असंच एक प्रकरण आहे. दुसऱ्याची मोटारसायकल चालवताना माणूस गेला. त्याच गाडीच्या विमा कंपनीकडून थर्ड पार्टीची भरपाई मिळायचा हक्क नाही असं ठरलं आणि शेवटी मालक-चालकाच्या कलमातले तेवढे एक लाख घरच्यांच्या पदरात पडले. वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून एक लाख.

माझ्याकडे असं एक घर आलं होतं, गाव सांगत नाही. टेबलावर पॉलिसी पसरून वडील बोट ठेवून विचारत होते, ‘हे पंधरा लाख लिहिलंय ना साहेब?’ लिहिलेलं होतं. वर मालकाच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं नाव होतं. पॉलिसी मी काढलेली नव्हती, पण त्या दिवसापासून नवी गाडी घ्यायला आलेल्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न असतो: रोज चालवणार कोण?

म्हणून माझा सल्ला, गाडी तुझ्या नावावर घे. तू १९ चा आहेस, कायद्याने अडचण नाही. अडचण येते ती कर्जाची. तुला उत्पन्न नाही, बँक किंवा फायनान्सवाले बहुतेक कर्ज वडिलांना देणार, आणि मग आरसीही त्यांच्याच नावाची लागणार. तिथे इलाज नाही. तसं असेल तर तुझ्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढायला सांग. विद्यार्थ्याला उत्पन्न नसल्यामुळे काही कंपन्या रक्कम कमी देतात, दोन-तीन ठिकाणी विचारावं लागेल, आणि दुचाकी चालवताना झालेला अपघात त्यात धरलाय का ते तोंडी नाही, कागदावर बघ. गाडीवर वाचवायचे असतील ते पैसे वाचव आणि त्यातले काही इथे घाल.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. यातलं काहीही तुझं हॉस्पिटलचं बिल देत नाही. पाय मोडला, रॉड टाकला, लाख-दीड लाख झाले, तर गाडीचा ‘फुल इन्शुरन्स’ त्यात एक रुपया देणार नाही. ते काम आरोग्य विम्याचं. घरच्या फॅमिली पॉलिसीत तुझं नाव आहे का, ते आज रात्री फोन करून विचार. कॉलेजला गेला म्हणून नाव काढलेली पोरं मी पाहिलीत.

तिसरा प्रश्न, नुसता थर्ड पार्टी. कायद्याला तेवढा पुरतो. तोही नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये, दुसऱ्यांदा ४,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण दंड ही लहान बाब आहे. विमा नसताना तुझ्या गाडीने कुणाला उडवलं तर मोटार अपघात न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती मालकाच्या घरादारावर येते. तेव्हा थर्ड पार्टीला पर्याय नाही. त्यावर ओडी घ्यावा का, हे गाडीवर अवलंबून आहे. दीड लाखाच्या नव्या गाडीला ओडी आणि झिरो डेप मिळून जीएसटीसकट २,२९५ रुपये होतात, ते वाचवण्यात अर्थ नाही. कर्ज असेल तर फायनान्सवालेही सोडणार नाहीत. दहा-बारा वर्षांची, वीस हजारांची स्प्लेंडर असती तर मी स्वतःच म्हणालो असतो, थर्ड पार्टीवर भागव.

पण तिथेही एक गोम आहे. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेला माणूस आपोआप धरला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलंय. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे ज्याला आपण फुल म्हणतो त्यात, तो धरला जातो. तुझ्या वयात मागची सीट रिकामी कधी असते? लोणावळ्याला जाताना मित्र, गावी जाताना बहीण. जुनी गाडी घेतलीस तरी मागे माणूस बसणार असेल तर पॅकेजच घे. जुन्या गाडीला ओडी फार बसत नाही.

स्वस्त कोटेशनांमध्ये आणखी एक बारीक ओळ शोध. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा दुचाकीला एक लाख असते. ती सहा हजारांवर आणायची मुभा आहे आणि त्याबद्दल हप्त्यात सूट मिळते पन्नास रुपये. पन्नास. पुण्यात एखाद्या महागड्या गाडीच्या मागच्या दिव्यात तुझं हँडल घुसलं तर सहा हजारांत काय येतं ते विचारून बघ. ‘टीपीपीडी रिस्ट्रिक्टेड’ असे शब्द दिसले की काढायला लाव. ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला मिळणारी सूटही दुचाकीला जास्तीत जास्त पन्नासचीच असते, सभासद-शुल्क त्याहून जास्त. अशा सुटींच्या मागे लागू नकोस.

आता तुझं ‘नवं लायसन्स’. हप्त्याला त्याने फरक पडत नाही, क्लेमला पडतो. खिशातून कार्ड काढ आणि वाहनाच्या वर्गाचा रकाना वाच. तिथे एमसीडब्ल्यूजी लिहिलंय का एमसीडब्ल्यूओजी? मधलं एक ‘ओ’ म्हणजे गिअर नसलेली. आईची ॲक्टिव्हा नेऊन टेस्ट दिली, कार्ड आलं, आनंदी आनंद. वाईच्या बाजूच्या एका पोराचं असंच झालं होतं. गाडी १८० सीसीची, पुढचं चाक सरळ इंजिनाला टेकलेलं, बिल एकेचाळीस हजार. सर्व्हेयरने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि न बोलता माझ्याकडे सरकवलं. ओडीचा क्लेम तिथेच संपला. समोरचा कुणी जखमी असता तर कंपनीने त्याला पैसे दिले असते आणि मग ते मालकाकडून वसूल करायला मागे लागली असती. मालक म्हणजे पुन्हा वडीलच. तुझ्या कार्डावर ‘ओ’ असेल तर गाडीचं बुकिंग आठवडाभर पुढे ढकल आणि आधी आरटीओचं काम कर.

हप्ता फारच जड जात असेल आणि सेकंडहँडकडे वळलास तर एवढंच पाळ: पैसे दिलेस त्याच आठवड्यात आरसी नावावर करायला टाक आणि विमा कंपनीला १४ दिवसांच्या आत कळवून पॉलिसीही नावावर करून घे. आरसी झाली की विमा आपोआप होतो असं लोक धरून चालतात. थर्ड पार्टीपुरतं कायदा सांभाळून घेतो. ओडीला नाही. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर आणि गाडी तुझी, मग चोरीचे पैसे मागणार कोण? त्याचा बोनसही तुला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे बोनसचा फरक भरावा लागेल. आणि दोन्ही चाव्या घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. चोरीच्या क्लेममध्ये कंपनी दोन्ही चाव्या टेबलावर मागते.

पुण्यात बरीच मुलं संध्याकाळी डिलिव्हरीचं काम करतात. तू करणार असशील तर आत्ताच सांग. खासगी पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि माल वाहणं बसत नाही, शर्यतीही बसत नाहीत. पाठीवर कंपनीची पेटी असताना अपघात झाला तर सर्व्हेयरच्या फोटोत ती पेटीही येते. सायलेन्सर बदलणार असशील, हँडल कापणार असशील, तर तेही आधी कळवायचं. न कळवता केलंस तर कंपनीला वाद घालायला कारण मिळतं.

पुढच्या वर्षीचं एक सांगून ठेवतो, कारण तिथे हमखास चुकतं. तुझी पॉलिसी ‘वन प्लस फाइव्ह’ असेल: ओडी एक वर्ष, थर्ड पार्टी पाच वर्षं. पोरांच्या डोक्यात ‘पाच वर्षांचा विमा आहे’ एवढंच राहतं आणि तेराव्या महिन्यात गाडी चोरीला गेली की माझ्याकडे येतात. एक वर्ष झालं की ओडी वेगळा घ्यावा लागतो. तो दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतो, तेव्हा पुन्हा दोन कोटेशन काढ. वैयक्तिक अपघात एका वर्षाचा घेतलास तर तोही त्याच दिवशी संपतो. मुदत उलटून ९० दिवस गेले की बोनस जातो, पण त्याची फार धास्ती घेऊ नकोस. ‘क्लेम करू नको, बोनस जाईल’ हा कारवाल्यांचा सल्ला आहे. तुझ्या ओडीवर पहिल्या वर्षाचा बोनस २० टक्के म्हणजे २६५ रुपये. फेअरिंगचे चार हजार खर्च झाले असतील तर बिनधास्त क्लेम कर. पाचशेचा आरसा असेल तर सोडून दे.

गाडी ताब्यात घेताना मोबाइलचा टॉर्च लाव, मान वाकवून हँडलखाली कोरलेला चेसिस नंबर वाच आणि पॉलिसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघ. सीसीचा आकडाही बघ. पेढे, हार, नारळ यांच्या गडबडीत हे कुणी करत नाही. गेल्या दिवाळीला माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पॉलिसीत ‘८’ च्या जागी ‘बी’ पडला होता. दुरुस्ती व्हायला दोन दिवस लागले. मुलगा खट्टू झाला, मुहूर्त गेला म्हणून आजी माझ्यावर चिडल्या, पण गाडी तोवर शोरूममध्येच उभी ठेवायला लावली.